नव्वद दिवसांची माफी

आमचे हे बिअर करतात. हे वाक्य मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आले आहे आणि ते ऐकून चेहरा सरळ ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. निम्म्या लोकांना माझी दया येते, उरलेले हळूच पत्ता विचारतात. कारखाना म्हणावा एवढा काही आमचा पसारा नाही. घरामागे एक लांब शेड आहे. तिच्यात उकळायचं तांब्याचं मोठं भांडं, स्टीलच्या चार टाक्या, बाटल्या भरणारं एक खडखडणारं यंत्र आणि टोकाला एक थंड खोली. एका बॅचच्या नऊशे बाटल्या निघतात. त्या नव्वद दिवस टिकतात, कारण टिकवायला म्हणून आम्ही त्यात काही घालत नाही. नव्वद दिवसांनी उरलेली बिअर ओतून द्यायची हा सासऱ्यांचा नियम होता, आता तो सरकारचाही आहे.

सासऱ्यांनी आणखी एक पद्धत घालून ठेवली. त्यांची एक बॅच आंबट झाली होती. ओतून द्यायला जीव होईना आणि गिऱ्हाइकाला फसवायला मन होईना. शेवटी त्यांनी प्रत्येक बाटलीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: ‘टाकी नीट धुतली गेली नाही. आंबट झाली आहे. माफ करा.’ ती बॅच आठ दिवसांत संपली. तेव्हापासून आमच्या बाटलीच्या मागच्या लेबलवर त्या बॅचमध्ये काय चुकलं ते छापलेलं असतं. घरात आम्ही त्याला कबुली म्हणतो. ‘पाणी जास्त तापलं. पेपर वाचत होतो.’ ‘जव फार बारीक दळले गेले. चष्मा सापडत नव्हता.’ एकदा नुसतंच ‘या खेपेला काही चुकलं नाही, आम्हालाही नवल वाटतं.’ आमची नेहमीची गिऱ्हाइकं दुकानात बाटली उचलली की आधी उलटी फिरवून पाठ वाचतात आणि मग विकत घेतात.

सासऱ्यांमागे ही कबुली हे लिहायला लागले. आता आमच्या ह्यांचं बोलणं म्हणजे दुष्काळ. ‘हं’, ‘बघू’ आणि ‘मीठ कमी आहे’ एवढ्यावर ह्यांचा दिवस निघतो. जे काय मनातलं असेल ते बाटलीच्या पाठीवर. मला नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे कळायला दुकानात जावं लागतं.

एकुलती एक मुलगी आहे आम्हाला. तिचं नाक आजोबांवर गेलंय, आकारानेही आणि कामानेही. दूध नासायच्या आदल्या दिवशी ती सांगायची की हे उद्या नासणार. शाळा-कॉलेज संपवून ती ह्यांच्या हाताखाली शेडमध्ये आली तेव्हा हे महिनाभर चक्क गुणगुणत हिंडत होते. मग ह्यांनी एकदम सहा पोती हॉप्स आणले. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, बिअरला कडूपणा येतो तो त्यांच्यामुळे. त्या दिवशी चार दुकानदार नवी बॅच चाखायला आले होते. मुलीने पोत्यात हात घातला, मूठभर फुलं चुरगळून हुंगली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “बाबा, हे शिळे आहेत. जुन्या मोज्यांसारखा वास येतोय. फेकून द्या.”

दुकानदार हसले. ह्यांचे कान लाल झाले. “तू जन्मायच्या आधीपासून मी ही फुलं हुंगतोय,” हे म्हणाले. “एवढं नाक असेल तर दुसरीकडे जाऊन चालव.”

तिसऱ्या दिवशी ती गेली. चार तासांच्या अंतरावरच्या गावात एका साबणाच्या कारखान्यात तिला वास तपासायची नोकरी लागली. दर बुधवारी ती मला फोन करायची, पण बाबांचा विषय काढला की म्हणायची, “आई, मी ठेवते.” इकडे हे, तिचं नाव निघालं की शेडमध्ये जाऊन टाक्या पुसायला लागायचे. आमच्या टाक्या त्या काळात आरशासारख्या झाल्या होत्या. एक बाप आणि एक लेक, दोघंही नाकाने कांदे सोलणारे, आणि मधे मी. असे सोळा महिने गेले. माझ्या डोक्याला जो ताप झाला तो कुठल्या लेबलवर लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मग या वर्षी ह्यांनी ते शिळे हॉप्स बाहेर काढले. सहातली चार पोती एका बॅचमध्ये घातली. कारण काय, तर मुलगी खोटी ठरली पाहिजे. सोळा महिने तिच्याशी बोलत नाही, पण तिला खोटं पाडायचं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसलाच प्रकार. बॅच तयार झाली, ह्यांनी पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि शेडमधल्या स्टुलावर बसून राहिले. मी चाखून पाहिली. कडूजहर झाली होती, आणि घोट गिळल्यावर मागून खरंच जुन्या मोज्यांचा वास येत होता.

त्या संध्याकाळी ह्यांनी कबुली लिहिली. नेहमी पाच मिनिटांत लिहितात, त्या दिवशी दोन तास लागले. कागद माझ्यासमोर ठेवला. लिहिलं होतं:

‘हॉप्स शिळे होते. मुलीने तेव्हाच सांगितलं होतं. तिला खोटं ठरवायला मी तेच वापरले. जोर कमी पडेल म्हणून दुप्पट टाकले, म्हणून ही बॅच फार कडू झाली आहे. चूक पूर्णपणे माझी होती. माफ कर.’

मी म्हटलं, “अहो, फोन करा ना तिला. नंबर मी लावून देते.”

“नाही.”

“मग मी सांगते तिला बुधवारी.”

“तू सांगितलंस तर ते तुझं बोलणं होईल,” हे म्हणाले. ह्यांच्या मानाने हे भाषणच होतं. “मला माझं सांगायचंय. तिच्या गावात दोन दुकानांत आपली बाटली जाते. ती बाटली उलटी केल्याशिवाय राहायची नाही. तू मधे पडणार नाहीस, शब्द दे.” मी शब्द दिला. देताना जीभ चावली, पण दिला.

आता खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायची. नऊशे बाटल्यांवर कागद चिकटवायचे आणि गाडी भरायची. पण नेमका याच वर्षी नवा नियम निघाला होता. आतापर्यंत पुढचं लेबल एकदा मंजूर केलं की झालं, पाठ कोणी बघत नसे. आता दर बॅचचं मागचं लेबलही लेबल तपासणी कक्षातून मंजूर करून घ्यायचं, आणि ते होईपर्यंत एकही बाटली आवाराबाहेर काढायची नाही. बाटल्या भरून झाल्या होत्या. म्हणजे नव्वद दिवसांचं घड्याळ सुरू झालं होतं. माफीची मुदत बिअरच्या मुदतीएवढीच, एवढं मला तेव्हाच समजलं.

अठराव्या दिवशी कक्षाचं पत्र आलं. नऊ हरकती होत्या. अक्षरांची उंची दोन मिलिमीटर हवी, ती एक पूर्णांक आठ आहे. ‘फार कडू’ हे मोघम आहे, कडूपणा एककांत लिहावा. ‘शिळे’ हा शब्द मंजूर विशेषणांच्या यादीत नाही, यादीतले शब्द पुढीलप्रमाणे: ताजे, उत्कृष्ट, निवडक, अस्सल. ‘तिला खोटं ठरवायला’ ही उत्पादनाची मान्य प्रक्रिया नाही, मान्य प्रक्रिया पुढीलप्रमाणे: भिजवणे, दळणे, उकळणे, आंबवणे, गाळणे. आणि सहावी हरकत अशी की ‘माफ कर’ या शब्दांत ग्राहकाला अरेतुरे केलेलं असून ते त्याच्या प्रतिष्ठेला धक्का पोहोचवणारं आहे.

मी पत्र वाचताना हसले. हे हसले नाहीत. रात्रंदिवस खपून जे काय सांगायचं होतं ते सांगून झाल्यावर कोणी अक्षराची उंची मोजायला घेतली की माणसाचं तोंड जसं होतं तसं ह्यांचं झालं होतं.

माझा धाकटा भाऊ वकील आहे. बावीस वर्षं त्याने कुंपणाचे आणि भाडेकरूंचे खटले चालवले. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात किती आली पाहिजे यावर तो दोन तास बोलू शकतो. त्याला ते पत्र दाखवलं तर तो वाचत वाचत उभाच राहिला. “ताई, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा खटला आहे,” तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. “भाऊजी, हा वरच्या कोर्टापर्यंत जाणार. तुमच्या बॅचच्या नावाने कायद्याच्या पुस्तकात पान पडेल.” दुसऱ्या दिवशी त्याने नवा काळा कोट शिवायला टाकला.

“मला पुस्तकात पान नको,” हे म्हणाले. “गाडी सोडायची आहे.”

सुनावणी सदतिसाव्या दिवशी मिळाली. लेबल तपासणी कक्ष तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दुसऱ्यापर्यंत. बाहेर टोकन देणारं यंत्र होतं आणि त्यावर ‘यंत्र बंद आहे, टोकन घ्यावे’ असं लिहिलेलं होतं. आत चार टेबलं, त्यांतली तीन रिकामी, भिंतीला मंजूर बाटल्यांची कपाटं. सगळ्या बाटल्या भरलेल्या, सीलबंद आणि धुळीने माखलेल्या. चौथ्या टेबलामागे साहेब बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी प्लास्टिकची पारदर्शक मोजपट्टी होती. आम्ही पुढे घरात त्यांना मोजपट्टीच म्हणत असू. माणूस वाईट नव्हता. खुर्च्या दिल्या, पंख्याचं तोंड आमच्याकडे वळवलं. चाळीस हजार लेबलं वाचली आहेत म्हणाले.

“मग तुम्हाला सगळ्या चवी ठाऊक असतील,” मी म्हटलं.

“मी घेत नाही,” साहेब म्हणाले. “आजपर्यंत एकही बाटली उघडलेली नाही. त्याने मत बनतं.”

कपाटात सर्वांत पुढे एका मोठ्या कंपनीची बाटली होती. लेबलवर बर्फाचे डोंगर, त्यातून पडणारा धबधबा आणि खाली ‘शिखरावरच्या झऱ्याचा श्वास’. त्या कंपनीचा कारखाना मी पाहिला आहे. हमरस्त्यावर, टायरच्या गोदामाला लागून आहे, आणि पाणी नळाचं येतं. मी बोट दाखवून विचारलं, “हे कसं मंजूर झालं? तिथे डोंगर कुठे आहे?”

“बाई, तो दावा नाही. ती कल्पना आहे,” साहेब शांतपणे म्हणाले. “कल्पनेला आमची हरकत नसते, कारण ती तपासता येत नाही. तुमच्या ह्यांनी जे लिहिलंय ते खरं असू शकतं. तपासणं भाग आहे.”

माझ्या भावाला एवढंच हवं होतं. नव्या कोटाची बटणं लावून तो उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, माणसाला खरं बोलण्याचा हक्क आहे.”

“आहे ना. बोला. मी ऐकतोय.”

“बाटलीवर बोलण्याचा हक्क आहे.”

“बाटली बोलत नाही, बाटली जाहीर करते,” साहेब म्हणाले. “तुम्ही घरी बोला, रस्त्यात बोला, छतावर चढून ओरडा, हा कक्ष एक शब्द काढणार नाही. चिकटवलंत की आमचं काम सुरू होतं.”

भाऊ चाळीस मिनिटं बोलला. माणूस आणि माणसाचा आवाज, सत्ता आणि सत्य, असं बरंच काही. साहेबांनी मधेच पाणी मागवून दिलं. शेवटी बोलून दमून तो बसला तेव्हा साहेब म्हणाले, “छान बोललात. आता आपण सहावी हरकत घेऊ. ‘माफ कर’ हे एकेरी का?”

इतका वेळ हे खाली बघत बसले होते. आता म्हणाले, “ते गिऱ्हाइकाला नाही. मुलीला आहे.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

साहेबांनी मोजपट्टी काढली, लेबलवर ‘मुलीने’ या शब्दाखाली ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. “मग सहावी हरकत मागे घेतो,” ते म्हणाले. “पण हा जिवंत व्यक्तीचा उल्लेख झाला. लेबलवर व्यक्तीचा उल्लेख असेल तर नमुना सतरा लागतो. त्या व्यक्तीची संमती.”

नमुना सतरा हा खरं तर नटनट्यांसाठी आणि खेळाडूंसाठी काढला होता. कंपन्या त्यांना न विचारता त्यांचे फोटो बाटलीवर छापायच्या, म्हणून. त्यात व्यक्तीचं नाव, पत्ता आणि प्रसिद्धीचं क्षेत्र लिहायचं. मग कक्ष त्या व्यक्तीला लेबलची प्रत पाठवून विचारतो की हे जे लिहिलंय ते खरं आहे का आणि तुमची हरकत आहे का.

“तिला पाठवायचं नाही,” हे म्हणाले. “ती बाटलीवर वाचेल.”

“तिची संमती आल्याशिवाय बाटली जाणार नाही.”

“बाटली गेल्याशिवाय तिला कळणार नाही.”

“ते आमच्या कक्षेत येत नाही,” साहेब म्हणाले. ते काही चिडवत नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण नियम त्यांनी केला नव्हता.

म्हणजे मुलीने माफी वाचण्याआधी माफीला परवानगी द्यायची. माझा भाऊ पुटपुटला, “हे तर वरच्या कोर्टात फारच छान दिसेल.” आणि आमचे हे उठले, बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. दाराच्या काचेतून मला ह्यांची पाठ दिसत होती. सोळा महिने टाक्या पुसणारी पाठ. मला इतका राग आला की काय सांगू. साहेबांचा आला, भावाच्या कोटाचा आला, पण सगळ्यांत जास्त ह्यांचा आला. सहा वाक्यं बोलायला ह्याला नऊशे बाटल्या लागतात, असं मनात ह्यांना चक्क एकेरीत म्हटलं.

परवान्यावर माझंही नाव आहे, भागीदार म्हणून. मी साहेबांना म्हटलं, “आणा इकडे तो नमुना.”

“ताई, नको,” भाऊ म्हणाला. “सही केलीस तर हक्काचा मुद्दाच गेला.”

“तू गप्प बस.”

मी मुलीचं नाव लिहिलं, साबणाच्या कारखान्याचा पत्ता लिहिला. ‘प्रसिद्धीचे क्षेत्र’ यात अभिनय, क्रीडा, संगीत आणि इतर असे चार चौकोन होते. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर ‘नाक’ असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, थोडा विचार केला आणि शिक्का मारला. शब्द मी मोडलेला नाही. मी तिला एक अक्षर सांगितलं नाही. सांगायचं ते सरकारने सांगितलं.

ह्यांना मी सांगितलं नाही. दर बुधवारी मुलीचा फोन यायचा, तेव्हा मी श्वास रोखून ऐकायचे. पहिले तीन बुधवार काही नाही. चौथ्या बुधवारी तिने विचारलं, “आई, घरी सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, “ठीक आहे.” पाचव्या बुधवारी फोनच आला नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वाटलं, चूक केली. ह्यांचं बोलणं ह्यांच्या हातून काढून सरकारी पाकिटात घातलं, आणि तिने ते वाचून फाडून टाकलं असेल. हे इकडे रोज सकाळी थंड खोलीत जाऊन कोऱ्या पाठींच्या नऊशे बाटल्यांकडे बघून यायचे आणि दारामागच्या कॅलेंडरवर एक फुली मारायचे.

बाहत्तराव्या दिवशी दुपारी पोस्टमन जाड पाकीट देऊन गेला. वरती कक्षाचा शिक्का. माझा भाऊ अपिलाचा मसुदा वाचून दाखवायला तेव्हा आलेलाच होता. ह्यांनी पाकीट फोडलं आणि पहिला कागद त्याच्याकडे दिला. त्याने मोठ्याने वाचला:

“उपरोक्त लेबलवरील ‘चूक पूर्णपणे माझी होती’ हे विधान संबंधित व्यक्तीने लेखी नाकारले आहे. सबब सदर विधान असत्य व ग्राहकाची दिशाभूल करणारे ठरते. लेबल नामंजूर करण्यात येत आहे. संबंधित व्यक्तीचे उत्तर सोबत जोडले आहे.”

“संबंधित व्यक्ती कोण?” हे म्हणाले. मी उठून गॅसकडे गेले आणि उगाच दूध ढवळायला लागले.

दुसरा कागद नमुना सतराचा मागचा भाग होता. छापलेले चार प्रश्न आणि खाली मुलीचं अक्षर. भावाने हात पुढे केला, पण ह्यांनी तो दिला नाही. स्वतः वाचला. दोनदा वाचला. मग टेबलावर ठेवून, त्यावर हाताचा तळवा ठेवून बसले. मी मागून जाऊन तळव्याच्या आजूबाजूचं जेवढं दिसलं तेवढं वाचलं, बाकीचं नंतर वाचलं.

‘आपण हे उत्पादन चाखले आहे काय?’ — नाही. बाटली माझ्यापर्यंत आलेली नाही.

‘लेबलवरील विधान आपल्या माहितीप्रमाणे खरे आहे काय?’ — नाही. हॉप्स शिळे होते हे खरं आहे. पण मी ते चार लोकांसमोर बोलायला नको होतं. दार लावून सांगता आलं असतं. आणि नंतर फोन मीही केला नाही. अर्धी चूक माझी आहे. ‘पूर्णपणे’ हे खोटं आहे.

‘आपल्या उल्लेखास हरकत आहे काय?’ — माझ्या उल्लेखाला नाही. त्या वाक्याला आहे.

‘या उल्लेखासाठी आपणास मोबदला मिळाला आहे काय?’ — अजून नाही.

मग माझा भाऊ घसा साफ करून म्हणाला, “भाऊजी, तीस दिवसांत अपील करता येतं. खरं म्हणजे आता आपली बाजू भक्कम झाली आहे. चूक कोणाची हे ठरवायचा अधिकार कक्षाला कुठून आला, हा मुद्दा आजवर कोणी...”

“अपील नाही,” हे म्हणाले.

“पण सरकारने तुमचं तोंड बंद केलंय.”

“सरकारचं बरोबर आहे,” हे म्हणाले. “चुकीचं लिहिलं होतं मी.”

भाऊ मसुद्याचे बावीस कागद गोळा करत राहिला. त्याचा चेहरा बघवेना. मी त्याला चहा दिला. त्याला वाईट वाटलं ते खोटं नव्हतं, पण त्या क्षणी माझ्याजवळ त्याच्यासाठी चहाशिवाय काही नव्हतं.

हे उठले, भिंतीजवळच्या फोनपाशी गेले आणि माझ्याकडे बघितलं. मी नंबर सांगितला. एक एक आकडा सांगितला, आणि हे एक एक दाबत गेले. पलीकडे ती आहे हे मला ह्यांच्या खांद्यांवरून कळलं. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी मनात म्हणत होते, बोला हो, आता इथे कोणी मोजपट्टी घेऊन बसलेलं नाही.

“लेबल नामंजूर झालं,” हे म्हणाले.

फोनमधून तिचा आवाज मला ऐकू आला, मोठा आणि घोगरा. “माहीत आहे, बाबा. मीच केलं.”

हे हसले. मग हसताना मधेच थांबले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवत नव्हतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. भावाने माझ्या हातातली चहाची गाळणी काढून घेतली.

“बाटली बाहेर काढायला बंदी आहे,” ह्यांनी शेवटी सांगितलं. “चाखायची तर इथे यावं लागेल. अठरा दिवस राहिलेत.”

“रविवारी येते,” ती म्हणाली. “हॉप्सची किती पोती उरलीत?”

“दोन.”

“अजून ठेवलीत?”

“हं.”

“मी यायच्या आत फेका.”

ह्यांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि तडक शेडमध्ये गेले. मी दारात उभी राहिले. थंड खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग आमचे हे एक पोतं खांद्यावर घेऊन अंगणातून फाटकाकडे चालत निघाले. वय झालंय, पाठ दुखते, दोन पावलं टाकली की थांबत होते. माझा भाऊ नवा कोट खुर्चीवर टाकून दुसरं पोतं आणायला धावला. मी पुढे जाऊन फाटक उघडून धरलं. जुन्या मोज्यांचा वास साऱ्या अंगणात भरला होता, आणि ह्यांनी तो मान वर करून, छातीभर घेतला.

“किती घाण वास आहे,” हे मला म्हणाले.